स्टेक केलेले ॲटम गेले कुठे? एफडी विसरा, जामीनदार आठवा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वॉलेटमध्ये ४० ॲटम (कॉसमॉस हब या ब्लॉकचेनचं नाणं) होते, 'स्टेक' वर जाऊन 'मॅक्स' दाबलं, आता वर 'अव्हेलेबल' मध्ये शून्य दिसतंय, पैसे गेले का? काढायला गेलं तर २१ दिवस लागतील म्हणतं, बँकेची एफडी तर दंड भरून त्याच दिवशी मोडता येते मग इथं का नाही? एपीआर, म्हणजे वर्षाचा परतावा, १५ टक्के लिहिलंय ते खरं का? आणि शेवटी हळूच विचारलंय की मेहुणा एका टेलिग्राम ग्रुपात आहे, तिथं स्टेकिंगवर रोज १ टक्का देतात, ते आणि हे एकच का.

आधी जीव भांड्यात पडू दे. चाळीसच्या चाळीस ॲटम तुमच्याच नावावर आहेत. वॉलेटमध्ये थोडं खाली गेलात तर 'स्टेक्ड' असा वेगळा आकडा सापडेल, बऱ्याच वॉलेटांत तो दुसऱ्या टॅबमध्ये दडवलेला असतो आणि वरचा मोठ्या अक्षरातला आकडा फक्त मोकळ्या नाण्यांचा असतो, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतंच. यात तुमचं काही चुकलं नाही, स्क्रीन बनवणाऱ्यांचं चुकलंय, आणि त्यात मीही आलो. मी कॉसमॉसच्या घराण्यातल्या एका छोट्या चेनवर सहा वर्षं व्हॅलिडेटर चालवतोय आणि मधली दोन वर्षं एका वॉलेटच्या मराठी स्क्रीन तपासून द्यायचं काम केलं. पहिल्या दिवशी मशीनने केलेलं भाषांतर आलं त्यात 'स्टेक' ला 'खुंटा' लिहिलेलं होतं, 'तुमचा खुंटा यशस्वी झाला'. हसून हसून पुरेवाट. मग कुणीतरी 'मुदत ठेव' सुचवलं, सगळ्यांना आवडलं, मलाही आवडलं, आणि मला विचाराल तर 'खुंटा' परवडला असता पण 'मुदत ठेव' नको होतं, कारण त्या एका शब्दाने माणूस डोक्यात बँक घेऊन बसतो आणि मग प्रत्येक गोष्ट त्याला फसवणूक वाटते.

पतसंस्थेत कुणाच्या कर्जाला जामीन राहिलायत का कधी? तिथं तुम्ही कर्जदाराला स्वतःचे पैसे देत नाही, तुमचं ते तुमच्याकडेच असतं, पण त्याने हप्ते बुडवले तर नोटीस तुमच्या दारात येते. स्टेकिंग जवळजवळ तेच आहे. व्हॅलिडेटर म्हणजे चेनवरचे व्यवहार तपासून ब्लॉकवर सही करणारा कॉम्प्युटर आणि त्याच्यामागे बसलेला माझ्यासारखा माणूस. चेन त्याला ओळखत नाही, तो सांगलीचा का सेऊलचा तिला काही घेणंदेणं नाही, ती एवढंच म्हणते की जामीन आण. तुम्ही 'डेलिगेट' केलंत म्हणजे म्हणालात की याच्यासाठी माझे ४० ॲटम धरून ठेवा. त्याच्या बदल्यात चेन तुम्हाला मोबदला देते, व्हॅलिडेटर त्यातून आपलं कमिशन कापून घेतो. पतसंस्थेत जामीनदाराला चहासुद्धा मिळत नाही, इथं पैसे मिळतात, एवढा फरक. व्हॅलिडेटर तुमची नाणी विकू शकत नाही, कुणाला पाठवू शकत नाही, त्याच्या हातात ती येतच नाहीत, प्रोटोकॉलच्या एका सामाईक खात्यात तुमच्या नावाने नोंद होऊन बसतात.

आता २१ दिवस. हे लोकांना सगळ्यात जास्त खुपतं. समजा व्हॅलिडेटरने आज लबाडी केली, एकाच उंचीच्या दोन वेगवेगळ्या ब्लॉकवर सही केली, म्हणजे एकच प्लॉट दोघांना विकला असं समजा. ते आजच उघडकीला येईल असं नाही, पुरावा चार दिवसांनी समोर येऊ शकतो. तोपर्यंत जामीनदार पैसे काढून पसार झालेला असेल तर दंड कुणाकडून वसूल करणार? म्हणून कॉसमॉस हबवर बाहेर पडायचं म्हटलं की २१ दिवस थांबावं लागतं. आपल्याकडे जामीनकीतून नाव काढायला गेलात तर पतसंस्था आधी थकबाकी बघते, लगेच सोडत नाही, तसंच. दंड भरून लवकर सुटायची सोय यात बसतच नाही, कारण अडवून ठेवणं हाच तर त्या जामिनाचा उपयोग. आणि या २१ दिवसांत रिवॉर्ड बंद असतो पण जबाबदारी चालू असते, हे फारच थोड्यांना माहीत असतं. तुम्ही अनस्टेक दाबायच्या आधीची त्या व्हॅलिडेटरची भानगड आठवड्याने बाहेर आली तरी तुमच्यातून कापलं जातं. बरं, मन बदललं तर अनबॉन्डिंग (हीच २१ दिवसांची वाट) मध्येच रद्द करायची सोय आता हबवर आहे, वॉलेटमध्ये ते बटण दिसलं नाही म्हणजे वॉलेटने दिलेलं नाही एवढंच.

हे २१ दिवस किती महागात पडू शकतात त्याचं टेरासारखं दुसरं उदाहरण नाही. टेरा ही चेन कॉसमॉसच्याच तंत्रावर बांधलेली, तिथंही अनबॉन्डिंग २१ दिवसांचं. मे २०२२ च्या सुरुवातीला तिचं नाणं लुना ८० डॉलरच्या आसपास होता आणि साधारण आठवड्याभरात त्याची किंमत शून्याला जाऊन टेकली. ज्यांच्याकडे मोकळा होता त्यांनी निदान पडत्या भावात काहीतरी विकलं, स्टेक करून बसलेल्यांनी अनस्टेक दाबलं आणि काउंटडाउन बघत बसले, आकडा १९ दिवस उरले म्हणतोय आणि नाणं रद्दीच्या भावात. त्यामुळे स्टेक करण्याआधी रिवॉर्ड किती हा प्रश्न मी दुसरा धरतो, पहिला हा, की हे नाणं तीन आठवडे विकता आलं नाही तर मला चालेल का.

दंड म्हणजे स्लॅशिंग, त्याची भीती मात्र लोक उगाच जास्त घेतात. हबवर दोन प्रकारचे दंड आहेत. व्हॅलिडेटर बंद पडला तर ०.०१ टक्का, दोन ठिकाणी सही केली तर ५ टक्के. बंद पडणं म्हणजेसुद्धा पाच मिनिटं लाईट गेली तर नव्हे, गेल्या १०,००० ब्लॉकपैकी निदान ५ टक्क्यांवर सही हवी असा नियम आहे, ब्लॉक सहाएक सेकंदांचा धरला तर सलग सोळा तासांच्या आसपास झोपून राहिलं की मग जेल, म्हणजे सही करायचं काम तात्पुरतं काढून घेतात. आमच्या चेनवरही हेच आकडे. मी एकदा गेलोय जेलमध्ये. शनिवारी संध्याकाळी सर्व्हरची डिस्क भरली, अलार्म ज्या फोनवर येतो तो फोन चार्जिंगला लावून मी लग्नाला, रविवारी दुपारी उठून बघतोय तर नाव लाल. ज्या माणसाचे माझ्याकडे ५,००० टोकन होते त्याचं अर्धं टोकन गेलं. रक्कम काहीच नाही पण त्याचा मेसेज आला तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती. आणि ५ टक्केवाला दंड बहुतेक वेळा चोराला बसत नाही, अतिशहाण्याला बसतो: बॅकअप असावा म्हणून दुसऱ्या मशीनवर सही करायची तीच गुप्त किल्ली टाकून ठेवतो, पहिलं बंद पडलं वाटून दुसरं चालू करतो, पहिलं जिवंतच असतं, दोघं सही करतात, खलास. त्या व्हॅलिडेटरला मग त्या नावाने परत कधीच येता येत नाही.

१५ टक्क्यांचं गणित आता जरा नीट करू, इथं घाई नको. हे पैसे येतात कुठून? थोडे व्यवहारांच्या फीमधून, पण हबवर बहुतांश नवीन छापलेल्या ॲटममधून. समजा एकूण १०० ॲटम आहेत, त्यातले ६० स्टेक झालेले, वर्षाला १० नवीन छापले आणि ते या ६० वर वाटले. तुमचे ६ होते ते ७ झाले, स्क्रीनवर १६ टक्क्यांच्या वर दिसलं, खूश. पण एकूण १०० चे ११० झाले ना. आधी तुमचा हिस्सा ६ टक्के होता, आता ११० मध्ये ७ म्हणजे ६.३६ टक्के. खरी वाढ सहा टक्के, सोळा नव्हे. आणि ज्याने स्टेक केलं नाही त्याचे ६ तसेच राहिले, त्याचा हिस्सा ५.४५ वर आला. म्हणजे हा पैसा स्टेक न करणाऱ्याच्या खिशातून स्टेक करणाऱ्याच्या खिशात गेला. उद्या शंभरच्या शंभर ॲटम स्टेक झाले तर सगळ्यांच्या स्क्रीनवर १० टक्के दिसेल आणि कुणाच्याही हिश्शात दमडीची भर पडणार नाही. हे चित्र मी मुद्दाम सोपं केलंय, त्यात कमिशन धरलेलं नाही, कम्युनिटी पूलचा (चेनच्या सामाईक निधीचा) वाटा धरलेला नाही. तर १५ टक्के खोटं नाही, पण ते ॲटममध्ये मोजलेलं आहे, रुपयात नाही. ॲटम एकेकाळी, २०२१-२२ च्या तेजीत, ४० डॉलरच्या वर होता, २०२५ मध्ये ५ डॉलरच्या आसपास आणि खाली घुटमळत होता. तेव्हापासून इमानदारीत स्टेक करून बसलेल्याची नाणी वाढली, डॉलर आटले.

हा छपाईचा आकडासुद्धा दगडावरची रेघ नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हबवर ८४८ नंबरचा प्रस्ताव आला, छपाईची कमाल मर्यादा २० टक्क्यांवरून १० वर आणायची, जोरदार भांडणं झाली आणि थोडक्या फरकाने तो पास झाला, एका रात्रीत सगळ्यांचा एपीआर खाली. त्या मतदानात तुमच्या स्टेकचंही मत होतं, आणि तुम्ही स्वतः मत दिलं नाही तर तुमच्या वाटचं मत तुमचा व्हॅलिडेटर देतो, हे डेलिगेट करताना कुठलंही वॉलेट ठळक सांगत नाही. स्वतः दिलंत तर तुमचं चालतं, त्याचं नाही.

व्हॅलिडेटर निवडण्यावर मी फार लांबड लावणार नाही. शून्य टक्के कमिशनवाला बघून धावू नका, वीज आणि सर्व्हरचे पैसे त्यालाही पडतात, आज शून्य आहे ते उद्या वाढणार. कॉसमॉसमध्ये व्हॅलिडेटरला सुरुवातीलाच सांगावं लागतं की कमिशन कमाल किती नेणार आणि दिवसाला किती वाढवणार, ते नंतर बदलता येत नाही, तर ते दोन आकडे बघा. सोलानावर अशी वेसण नव्हती, तिथं ऐन वेळी कमिशन १०० टक्के करून लोकांचा रिवॉर्ड गिळणारे निघालेत. यादीत सगळ्यात वरच्या पाच-सहांना सोडून मधल्या पट्टीतला कुणी घ्या, आधीच गलेलठ्ठ झालेल्यांना अजून चारा कशाला. पटला नाही तर 'रीडेलिगेट' करा, ते लगेच होतं, २१ दिवस थांबायचं नाही, फक्त एकदा उडी मारली की तीच नाणी तिथून तिसरीकडे हलवायला मग २१ दिवस लागतात.

मघाशी मी स्टेकिंग, स्टेकिंग म्हणतोय पण वॉलेटमधलं 'स्टेक' हे बटण प्रत्येक चेनवर वेगळाच करार करून टाकतं, खरा गोंधळ इथं आहे. कार्डानोवर नाणी हलतच नाहीत, अडकत नाहीत, कापली जात नाहीत, आज डेलिगेट करून उद्या खर्च करा, २ एडा (तिथलं नाणं) अनामत घेतात ती परत मिळते. पण पहिला रिवॉर्ड दिसायला १५ ते २० दिवस लागतात कारण तिथला एपॉक (हिशोबाचा ठरावीक कालखंड) ५ दिवसांचा आणि हिशोब दोन-तीन एपॉक मागे चालतो, तेवढ्यात लोक पूलवाल्याला (तिथला व्हॅलिडेटर) शिव्या घालून मोकळे होतात. आणि जानेवारी २०२५ च्या प्लोमिन अपग्रेडनंतर तिथं जमलेला रिवॉर्ड काढायचा तर आधी आपलं मत एखाद्या डीरेपला (मतदान करणाऱ्या प्रतिनिधीला) द्यावं लागतं किंवा मी तटस्थ आहे असं नोंदवावं लागतं, तोवर विथड्रॉ होत नाही. कितीतरी जणांना वाटलं वॉलेट बिघडलंय.

सोलानावर एपॉक साधारण दोन दिवसांचा, स्टेक चालू व्हायला आणि सुटायला एपॉक बदलण्याची वाट बघायची. तिथली गंमत अशी की अनस्टेक झाल्यावर नाणी आपोआप वॉलेटमध्ये येत नाहीत, वेगळ्या स्टेक अकाउंटमध्ये पडून राहतात, परत जाऊन 'विथड्रॉ' दाबावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे सोल आठ महिने असे पडून होते, ना स्टेकमध्ये ना हातात, त्यांना वाटलं बुडाले. पोल्काडॉटवरही असंच दुसरं बटण आहे. कॉसमॉसवर मात्र २१ दिवस संपले की नाणी आपली आपण परत येतात, काही दाबायचं नाही.

पॉलिगॉनबद्दल आपल्याकडे आपुलकी जास्त, बहुतेक संस्थापक भारतीय, त्यांच्या टेस्टनेटचं (चाचणीसाठीच्या चेनचं) नावच 'मुंबई' होतं, एप्रिल २०२४ मध्ये ते बंद होऊन त्याची जागा 'अमोय'ने घेतली तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं होतं. पण पॉलचं (पॉलिगॉनच्या नाण्याचं) स्टेकिंग इथेरियमवर होतं, म्हणजे फी ईथरमध्ये, आणि दोन-चार हजार रुपयांचे पॉल असणाऱ्याला रिवॉर्डपेक्षा गॅस, म्हणजे तिथली फी, जड जातो, तिथं लहान माणसाने विचार करूनच उतरावं.

आणि इथेरियम म्हणजे वेगळाच प्रकार. तिथं प्रोटोकॉलमध्ये डेलिगेशन नाहीच. स्वतःचा व्हॅलिडेटर लावायचा तर ३२ ईथर पाहिजेत, ते आपल्यापैकी कितीजणांकडे असतात सोडा. म्हणून वॉलेट तुम्हाला 'स्टेक' म्हणून जे देतं ते बहुतेक वेळा पूल किंवा लिक्विड स्टेकिंग असतं, म्हणजे तुमचं ईथर चेनवरच्या एका प्रोग्रॅमच्या (कॉन्ट्रॅक्टच्या) ताब्यात गेलं आणि बदल्यात पावती म्हणून दुसरं टोकन हातात आलं. लिडो या सेवेचं पावती-टोकन एसटीईटीएच रोज थोडं थोडं वाढतं, लिडो त्या रिवॉर्डमधून १० टक्के घेतो. रॉकेटपूल या दुसऱ्या सेवेचं आरईटीएच मात्र संख्येने वाढत नाही, त्याची किंमत वाढत जाते, आणि मग लोक विचारतात की सहा महिने झाले माझं टोकन जेवढ्यास तेवढंच, रिवॉर्ड कुठंय. पावतीला बाजारभाव असतो हेही लक्षात असू द्या. जून २०२२ मध्ये घबराट पसरली तेव्हा एसटीईटीएच ईथरपेक्षा पाचेक टक्के स्वस्त विकलं जात होतं. ज्याला घाई होती त्याने तोटा खाल्ला, जो थांबला त्याला पुढे पूर्ण मिळालं.

थांबणंही तिथं थोडंथोडकं नव्हतं. १ डिसेंबर २०२० ला बीकन चेन (इथेरियमची स्टेकिंगसाठीची वेगळी चेन) सुरू झाली तेव्हापासून लोकांनी ईथर आत टाकलं आणि बाहेर काढायची सोय १२ एप्रिल २०२३ च्या शांघाय अपग्रेडला आली, सव्वादोन वर्षांच्या वर दार आतून बंद. मधे १५ सप्टेंबर २०२२ ला मर्ज होऊन अख्खं इथेरियम मायनिंग सोडून स्टेकिंगवर आलं. आता दार उघडं आहे पण एका वेळी ठरावीकच माणसं बाहेर सोडतात, रांग नसेल तर काही दिवसांत काम होतं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हीच रांग ४० दिवसांच्या वर गेली होती. तर 'इथेरियमला किती दिवस लागतात' याला एक उत्तर नाही, त्या दिवशीची रांग बघायची.

हे झाले खरे स्टेकिंगचे प्रकार. आता तो प्रकार जो स्टेकिंग नाही पण नाव तेच लावतो. एक्स्चेंजवर किंवा एखाद्या ॲपमध्ये 'अर्न' म्हणून नाणी ठेवलीत तर किल्ली तुमची नाही, त्यांनी खरंच स्टेक केलं का तुमची नाणी कुणाला उधार दिली हे तुम्हाला स्क्रीनवरून कळत नाही. अमेरिकेतलं सेल्सियस नावाचं असंच ॲप दोन आकडी व्याजाचं आमिष दाखवायचं, १२ जून २०२२ ला त्यांनी पैसे काढणं बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरी. टेरावरचं अँकर हे ठेवींचं ॲप जवळजवळ २० टक्के द्यायचं, तेही सगळे व्हॅलिडेटरच्या सहीचे पैसे नव्हते, तूट राखीव गंगाजळीतून भरली जात होती. आणि साधं एक्स्चेंजवर ठेवलेलंही तुमचं राहत नाही, मुंबईच्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ ला सुमारे २,००० कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली, चोरी एका वॉलेटमधून झाली पण नाणी काढणं सगळ्यांचंच वर्षाच्या वर बंद राहिलं.

म्हणून वॉलेट बनवणाऱ्या पोरांना मी नेहमी सांगायचो की एपीआरचा आकडा लहान करा आणि त्याच्यावर चार ओळी मोठ्या लिहा. बटण दाबल्यावर नाणं कुठे जाणार, ते कोण हलवू शकतं, परत हातात कोणत्या तारखेला येणार ('२१ दिवस' असं नको, सरळ '१४ मार्च, संध्याकाळी सव्वापाच' असं), आणि हे पैसे देतंय कोण. ऐकायचे सगळे, करायचं कुणी नाही, कारण एपीआर मोठा दिसला की बटण जास्त दाबलं जातं. तारखेची गोष्ट मात्र एकाने ऐकली आणि 'माझे पैसे गेले' वाले मेसेज कमी झाल्याचं मला तो स्वतः सांगत आला.

टॅक्सचं दोन वाक्यांत. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, तोटा कशातही वळता करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस. डेलिगेट करणं म्हणजे विकणं नव्हे, नाणं तुमचंच राहतं, पण रिवॉर्ड हातात आला की बहुतेक सीए तो त्या दिवशीच्या भावाने उत्पन्नात धरतात आणि पुढे विकलात की वरचा नफा वेगळा. म्हणून दररोज क्लेम करायची, म्हणजे रिवॉर्ड काढून घ्यायची, हौस असेल तर आवरा, ३६५ नोंदी मार्चमध्ये सीएसमोर ठेवाल तर तो फी दुप्पट करेल आणि बरोबर करेल. महिना दोन महिन्यांनी एकदा क्लेम, त्या दिवशीचा भाव वहीत. आणि कॉसमॉसवर नवीन डेलिगेट, रीडेलिगेट किंवा अनडेलिगेट केलं की साठलेला रिवॉर्ड आपोआप वॉलेटमध्ये पडतो, ती नोंद लोक हमखास विसरतात.

चोरांचं पण सांगतो कारण ॲटम स्टेक केलेल्या पत्त्यांच्या ते मागावरच असतात. स्टेकर्सना खरंच फुकट टोकन वाटले गेलेत, ऑक्टोबर २०२३ मध्ये सेलेस्टिया या नव्या चेनने हबच्या बऱ्याच स्टेकर्सना दिले होते, त्यामुळे 'तुम्हाला एअरड्रॉप लागलाय' हे कुणालाही खरं वाटतं. तुमच्या वॉलेटमध्ये ०.००००१ ॲटम येईल आणि सोबतच्या मेमोमध्ये (टिपेत) लिंक असेल, किंवा मतदानाच्या यादीत प्रस्ताव म्हणूनच लिंक टाकलेली असेल. दाबू नका. स्टेक करायला, काढायला, क्लेम करायला, 'ॲक्टिव्हेट' करायला, कशालाही वॉलेटच्या गुप्त किल्लीचे ते १२ किंवा २४ शब्द कुणाला द्यावे लागत नाहीत. ज्याने मागितले तो चोर, मग तो कितीही 'सर' म्हणो.

आता मेहुणा. पुण्यात ज्याचे गुन्हे दाखल झाले ते गेनबिटकॉइन प्रकरण आठवतंय का, महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं सांगून बिटकॉइन गोळा केले होते, तेव्हा शब्द 'मायनिंग' होता. तुमच्या मेहुण्याच्या ग्रुपात शब्द 'स्टेकिंग' आहे. रोज १ टक्का चक्रवाढीने धरला तर वर्षात एक लाखाचे जवळपास ३८ लाख होतात, इथेरियम आज वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास देतं. त्याच्याशी वाद घालू नका, घरात कटकट होते, फक्त त्याला दोन गोष्टी विचारा: कुठली चेन, आणि व्हॅलिडेटरचा पत्ता काय. माझा पत्ता एक्सप्लोररवर (चेनवरच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट) टाकलात तर मी जेलमध्ये गेलो होतो हेसुद्धा दिसतं. त्याच्याकडून पत्त्याऐवजी रेफरल लिंक आली की काय ते समजून जा, आणि त्याने आधीच टाकले असतील तर आज थोडी रक्कम काढून बघ म्हणा. 'काढण्याआधी टॅक्स भरा' असं उत्तर आलं तर एक रुपयाही अजून पाठवू देऊ नका, सरळ १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची तक्रार तिथं घेतात, जेवढी लवकर तेवढी बरी.

आणि तुमचं स्वतःचं एक काम राहिलंय जे तुम्ही विचारलेलंच नाही. तुम्ही 'मॅक्स' दाबलंत आणि मोकळे ॲटम शून्य आहेत, म्हणजे रिवॉर्ड क्लेम करायला किंवा अनस्टेक करायलासुद्धा जी फी लागते ती द्यायला तुमच्याकडे काही नाही. फी आधी कापली जाते, रिवॉर्ड नंतर येतो, त्यामुळे समोर दोन ॲटम रिवॉर्ड दिसतोय आणि घेता येत नाही अशी अवस्था होते, आमच्या काकूंची झाली होती, मग मी त्यांना ०.०५ ॲटम पाठवले तेव्हा गाडी हलली. काही वॉलेट 'मॅक्स' दाबलं तरी फीपुरतं मागे ठेवतात, तुमच्या वॉलेटने ठेवलेलं दिसत नाही. कुणा ओळखीच्याकडून किंवा एक्स्चेंजवरून अर्धा ॲटम मागवून तिथं तसाच ठेवा, स्टेक करू नका. फी अगदी किरकोळ असते, हा अर्धा ॲटम वर्ष दोन वर्षं सहज पुरेल. ते आलं की मग एक्सप्लोररवर तुमचा व्हॅलिडेटर शेवटची सही कधी करून बसलाय ते बघा, आणि काढायचेच असतील तर तेव्हा अनस्टेक दाबून २१ दिवसांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.